डोळ्यातील दाब उतरल्यावरही लेझर का करायचे?

आपण लिहिले आहे की आईंच्या उजव्या डोळ्यात रात्री असह्य ठणका सुरू झाला, उलट्या झाल्या, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसली. डोळ्यातील दाब ५४ (मिलिमीटर पारा) निघाला आणि औषधांनी सकाळपर्यंत १८ वर आला. पायलोकार्पिनचे थेंब सुरुवातीलाच का घातले नाहीत आणि दाब उतरला असताना लेझर कशासाठी, हे आपले दोन प्रश्न. नेत्रविभागात बरीच वर्षे काम केल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

डोळ्यात सतत तयार होणारे पाणी बाहुलीतून पुढे येते आणि परितारिका (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) व पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) यांच्यामधील कोनातून बाहेर जाते. आईंना झालेल्या या आजारात, म्हणजे कोन अचानक बंद होऊन येणाऱ्या काचबिंदूच्या झटक्यात, ते बाहुलीपाशी अडते, मागे साचलेले पाणी परितारिकेला पुढे ढकलते आणि कोन बंद होतो. पायलोकार्पिन बाहुली आकसून परितारिकेला कोनापासून दूर ओढते हे खरे. परंतु दाब इतका चढलेला असताना बाहुली आकसणाऱ्या स्नायूलाच पुरेसे रक्त मिळत नसल्यामुळे तो थेंबांना दाद देत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा थेंब घालत राहिल्यास घाम, लाळ आणि पोटात मुरडा एवढेच पदरी पडते. म्हणून आधी पाण्याची निर्मिती कमी करून दाब उतरवायचा आणि मग पायलोकार्पिन, हा आपल्या डॉक्टरांनी पाळलेला क्रम योग्यच होता.

निर्मिती कमी करण्याचा मुख्य भार ॲसिटाझोलामाइडवर असतो. साधारणपणे ५०० मिलिग्रॅमने सुरुवात होते. उलट्या होत असतील तर गोळीऐवजी ते शिरेतून देतात. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवी होणे हे अपेक्षित आहे, मात्र मूत्रपिंडाचा विकार किंवा सल्फाची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. सोबत टिमोलॉल, ब्रिमोनिडिन हे दाब उतरवणारे आणि दाह कमी करणारे स्टिरॉइडचे थेंब घालतात. थेंबांना लोक औषधच मानत नाहीत, पण टिमोलॉल नाकाच्या अस्तरातून रक्तात उतरते आणि दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते. एवढ्यानेही दाब न हलल्यास शिरेतून मॅनिटॉल देतात. त्याने रक्तवाहिन्यांतील द्रव एकदम वाढत असल्यामुळे हृदय अशक्त असलेल्या रुग्णाच्या बाबतीत फार जपावे लागते. तोंडाने देण्याचे ग्लिसरॉल मधुमेहींची साखर वाढवते.

आता लेझर. औषधांनी दाब उतरला तरी डोळ्याची अरुंद रचना तशीच राहते, आणि औषध बंद होताच झटका पुन्हा येऊ शकतो. लेझरने परितारिकेला बारीक छिद्र पाडले की पाण्याला बाहुली वगळून पुढे येण्याची दुसरी वाट मिळते. डाव्या डोळ्याची रचनाही बहुधा तशीच असते, म्हणून तो आज दुखत नसला तरी त्यालाही लेझर करून घ्यावे. मोतीबिंदू असेल तर पुढे त्याची शस्त्रक्रिया केल्यानेही कोन मोकळा होतो.

अपवाद एकच सांगतो, कारण तो नजरेतून निसटतो. अर्धशिशी किंवा फिट्ससाठी घेतलेल्या टोपिरामेटमुळे दोन्ही डोळ्यांत असाच झटका येऊ शकतो, पण तेथे मागील भागाला सूज येऊन भिंग व परितारिका पुढे सरकलेले असतात. त्यात पायलोकार्पिन आणि लेझर दोन्ही निरुपयोगी ठरतात. टोपिरामेट ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून थांबवावे लागते. आईंना अशी गोळी चालू असल्यास लेझरपूर्वी जरूर सांगा, आणि लेझर होईपर्यंत सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका, कारण त्यांतील काही औषधे बाहुली विस्फारतात.