पोर्तुगाल-जपान संबंध आणि गोवा

प्रश्न : पोर्तुगाल-जपान संबंधांत गोव्याचा काही वाटा होता का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : होता, आणि तो मोठा होता. पोर्तुगीज १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले, तेव्हा त्यांचा पूर्वेकडील कारभार गोव्यातून चाले. येथील व्हाइसरॉयने १५८८ साली जपानचे तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी यांना लिहिलेले, चर्मपत्रावरील रंगीत नक्षीचे पत्र वालिन्यानो या जेझुइट धर्मगुरूंनी १५९१ मध्ये क्योतोत सादर केले. ते आजही जपानमध्ये जपलेले आहे आणि गोव्यातील विद्यार्थ्यांना त्याची ओळख व्हायलाच हवी, असे मला मनापासून वाटते. पुढे धर्मप्रसाराच्या धास्तीने जपानने १६३९ साली पोर्तुगीज जहाजांना बंदी केली. व्यापार पुन्हा सुरू करावा, ही विनंती घेऊन १६४० मध्ये मकाव या चीनच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज वसाहतीतून गेलेल्या ६१ जणांचा नागासाकीत शिरच्छेद झाला. मैत्रीचा करार थेट १८६० साली झाला.