परदेशी नंबर आणि मधला शून्य

परदेशातला कोणताही नंबर सेव्ह करताना पहिल्यापासूनच + लावून करा. भारतातून बाहेर फोन लावताना आधी ०० आणि मग देशाचा कोड लागतो. अमेरिकेतून इकडे लावायचा तर ०११, ऑस्ट्रेलियातून ००११, जपानमधून ०१०. हे पाठ करत बसू नका. मोबाइलवर शून्याची कळ दाबून धरली की + उमटतं आणि तुम्ही ज्या देशात असाल तिथले आकडे नेटवर्क आपणहून लावून घेतं.

नवीन माणूस हमखास अडकतो तो शहराच्या कोडातल्या शून्यापाशी. पुण्याचा कोड ०२०, लंडनचाही ०२०! हा पहिला शून्य देशातल्या देशात एसटीडी लावण्यापुरता असतो, बाहेरून लावताना तो गाळायचा. म्हणजे पुणे +९१ २० आणि लंडन +४४ २०. ब्रिटिश लेटरहेडवर कधी +४४ (०)२० असं छापलेलं दिसेल. कंसातला शून्य इथून दाबलात तर फोन लागणार नाही. इटली मात्र वेगळी, तिथल्या लँडलाइनचा शून्य ठेवावाच लागतो: रोम +३९ ०६.

आणि +१ दिसलं की अमेरिकाच, असं धरून चालू नका. कॅनडा आणि जमैकासारखी कॅरिबियन बेटंही त्याच कोडात येतात. पुढचे तीन आकडे ८७६ असतील तर तो जमैकाचा नंबर. अनोळखी परदेशी नंबरवरून एकच रिंग येऊन फोन कट झाला, तर उलट फोन मुळीच करू नका. अशा कॉलचा दर फार महाग असू शकतो.