कडेला किती सरकायचं?

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे. कर्वे रस्त्याने सायकलवर मंडईत जाते. मागून हॉर्न वाजला की अगदी कडेला सरकते. बरोबर ना?

ताई, डावीकडून चालवा, पण कडेला चिकटू नका. त्या शेवटच्या दोन फुटांतच वाळू, फुटलेल्या काचा आणि डांबराखाली दबलेली चेंबरची झाकणं असतात. गटाराच्या जाळीच्या सळ्या रस्त्याच्या दिशेने बसवल्या असतील तर बारीक टायर थेट आत उतरतं. तो खड्डा किंवा जाळी चुकवायला तुम्ही ऐनवेळी उजवीकडे वळता आणि नेमकी तेव्हाच मागची गाडी बाजूला आलेली असते. म्हणून फुटपाथपासून तीन फूट सोडा आणि सरळ रेषेत चला. जिथे सायकल आणि मोटार शेजारी शेजारी मावत नाहीत, तिथे लेनच्या मधोमध चालवा. पुढे जागा झाली की बाजूला व्हा. मागचा दहा सेकंद थांबेल. हॉर्नला घाबरून कडेला जाऊ नका, रस्त्यावर तुमचाही हक्क आहे.

उभ्या गाड्यांच्या शेजारून जाताना मात्र चार फूट तरी अंतर ठेवा, कुणीही अचानक दार उघडतं. सदाशिव पेठेत एकदा माझ्यासमोर असंच दार उघडलं होतं. मी हँडलवरून पुढे फेकलो गेलो, डाव्या मनगटाला प्लास्टर बसलं. तेव्हापासून मी प्रत्येक उभ्या गाडीच्या मागच्या काचेतून बघतो. आत डोकं दिसलं किंवा ब्रेकचा दिवा नुकताच विझला असेल, तर दार उघडणार हे धरूनच चालतो. मोटारवाल्यांनो, उजवं दार डाव्या हाताने उघडा. अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. नेदरलँड्समध्ये ही जुनी सवय आहे.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा. शाळा रस्त्याच्या पलीकडे नाही, अलीकडेच आहे, म्हणून तो राँग साइडने जातो. समोरून गाड्या दिसतात, हे सुरक्षित नाही का?

नाही, हे आजच थांबवा. त्याचा वेग ताशी १५ आणि गाडीचा ४० धरा. दोघं एकाच दिशेला असतील तर फरक २५चा. समोरासमोर असतील तर ५५चा. त्याहून वाईट म्हणजे गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडूनच येतात. तुमचा मुलगा त्याच्या डावीकडून येतो, म्हणजे त्याला तो दिसतच नाही. झेब्रा क्रॉसिंगवर उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा, शाळेजवळ पुन्हा तसंच. पाच मिनिटं जास्त जातील. पहिले काही दिवस तुम्ही त्याच्याबरोबर जा.

प्रश्न : मी मोटार चालवतो. सायकलवाले मध्येच हलतात. पुढे जाताना किती अंतर ठेवायचं?

दीड मीटर. जर्मनीत शहरात तसा नियमच आहे, शहराबाहेर दोन मीटर. फ्रान्समध्ये शहरात एक, बाहेर दीड. सायकल थोडी डुलणारच, ती दोन चाकांवर तोल सांभाळत असते. चढावर तर जास्तच. तेवढी जागा नसेल तर मागे राहा. हॉर्न द्यायचाच असेल तर लांबून आणि छोटा द्या. कानाशी वाजवलात तर माणूस दचकून हँडल फिरवतो.

प्रश्न : सिग्नलला डंपर उभा असतो, मी डावीकडून पुढे जाऊन उभा राहतो. चालेल?

अजिबात नाही. डंपर डावीकडे वळताना त्याची पुढची चाकं लांबून फिरतात, पण मागची आतून कट मारतात. डंपर आणि फुटपाथ यांच्यामधली तुमची जागा संपत जाते आणि उंच केबिनमधून चालकाला शेजारचा सायकलवाला दिसत नाही. मागेच थांबा. आधीच पुढे पोचला असाल तर इतके पुढे राहा की मान वळवल्यावर चालकाचा चेहरा दिसेल. त्याचे डोळे तुम्हाला दिसत नसतील, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

पीएमपीची, म्हणजे पुण्याची शहर बस थांब्यावर असेल तरी तेच. बस आणि फुटपाथ यांच्यामधून घुसू नका, दारातून माणसं उतरत असतात. बसमागे थांबा, किंवा मागे वळून बघून, हात दाखवून उजवीकडून जा. बसचा उजवा इंडिकेटर लागला असेल तर तिला आधी निघू द्या.