सॉफ्टवेअर डेव्हलपर ऑफिस सुटल्यावर खरंच काय करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नुकतीच पहिली नोकरी लागली आहे, टीममधला जो तो सांगतो की ऑफिसनंतरही काहीतरी प्रोजेक्ट करत राहा, गिटहबवर (म्हणजे डेव्हलपर आपला कोड ठेवतात त्या साइटवर) हिरवे चौकोन दिसले पाहिजेत, म्हणजे रोज काही कोड टाकल्याची खूण, नाहीतर मागे पडाल. मग या धंद्यात चौदा-पंधरा वर्षं काढलेली माणसं घरी गेल्यावर खरंच काय करतात?

बाकीच्यांचं ते सांगतील. मी इंदूरला असतो, दिवसभर जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत बिलिंगचं काम करतो आणि घरी आलो की खुडबुड करतो. हा शब्द आईचा. "त्याची खुडबुड चाललीय, ओट्यावर हात लावू नका" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, कारण सोल्डरिंगला, म्हणजे तारा आणि सुटे भाग डाग देऊन जोडायला, पुरेसा उजेड आमच्या घरात फक्त ओट्यावरच आहे. गिटहबवरचा माझा शेवटचा हिरवा चौकोन बहुधा गेल्या दिवाळीच्या आधीचा असेल.

आमच्या घरात रोज वापरला जाणारा, मी लिहिलेला प्रोग्राम एकच. नव्वदेक ओळींचा आहे आणि त्याला एवढंच येतं: नळ आले की घंटा वाजवायची.

पुण्याच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागेल. इंदूरचं पाणी नर्मदेचं. मंडलेश्वरजवळ जलूदला ते उचलतात आणि विंध्य चढवून सत्तरेक किलोमीटर लांब आणतात. शहराच्या बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड येतं. आमच्या गल्लीत पहाटे पाच ते साडेसहाच्या मध्ये कधीतरी. त्यातलं 'कधीतरी' हे सगळ्या भानगडीचं मूळ. पाणी आलं की आधीचं गढूळ सोडून द्यायचं, मग पिण्याचं भरून घ्यायचं, मग कॉक फिरवून उरलेलं हौदात सोडायचं. हे सगळं पाऊण तासात. म्हणून आई पाचला उठून चहा घेऊन नळाजवळ मोड्यावर बसायची. कधी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटका, कधी सव्वासहापर्यंत तिष्ठत.

पहिला प्रयत्न मी अगदी इंजिनियरी थाटात केला. जेल रोडवरून पाण्याचा प्रवाह मोजणारा सेन्सर आणला. त्यात एक छोटं चक्र असतं, पाण्याने ते फिरलं की आतलं चुंबक पल्स देतं, पल्स मोजा की लिटर कळले. बादलीत ओतून पाहिलं तर झकास चालला. नळाला लावला आणि दुसऱ्याच पाळीला पाच वाजून पाच मिनिटांनी घंटा झाली. आई धावत गेली, तर नळातून नुसती फुसफुस. पाणी येण्याआधी पाइपात अडकलेली हवा बाहेर पडते, आणि त्या बिचाऱ्या चक्राला हवा काय नि पाणी काय, सारखंच. पाणी आलं पंचवीस मिनिटांनी. आई म्हणाली, "ही फुसफुस मला पण ऐकू येते रे, त्यासाठी मशीन कशाला?"

मग अक्कल वापरली. नळाची तोटी आधीपासून उघडी ठेवायची, खाली श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात बोटभर अंतरावर दोन स्क्रू. पाण्यातून थोडीशी वीज वाहते. एका स्क्रूला व्होल्टेज द्यायचं, दुसऱ्यावर किती पोचलं ते मोजायचं. डबा कोरडा असताना आकडा पाच-दहाच्या आसपास खेळतो, पाणी पडलं की पाचशेच्या वर उडी मारतो. डब्याच्या बुडाला एक बारीक भोक, म्हणजे पाणी गेलं की डबा आपोआप रिकामा. हवेचा प्रश्नच मिटला. वाचायचं काम करतो नोडएमसीयू नावाचा वायफायवाला बोर्ड, दोन-तीनशे रुपयांचा, जुन्या मोबाइलच्या चार्जरवर चालतो.

हा डबा पंधरा दिवस चालला. मग आकडे घसरायला लागले. उघडून पाहिलं तर एका स्क्रूवर हिरवट शेवाळ्यासारखं काहीतरी चढलेलं आणि दुसरा लखलखीत. मी हौसेने पितळी स्क्रू लावले होते, आणि चोवीस तास एकाच दिशेने व्होल्टेज देऊन ठेवलं होतं. म्हणजे शाळेतला इलेक्ट्रोलिसिसचा प्रयोगच झाला. डब्याच्या तळाशी ओल राहायची, आणि धन बाजूचा स्क्रू रोज थोडा थोडा विरघळत होता. उपाय दोन ओळींचा निघाला: व्होल्टेज कायम द्यायचंच नाही, दर पाच सेकंदांनी काही मिलिसेकंद द्यायचं, वाचायचं, बंद करायचं. स्क्रूही बदलून स्टेनलेसचे केले. त्यानंतर आजतागायत तेच आहेत. ऑफिसात मी या वर्षात जेवढं काही शिकलो असेन, त्यातलं यापेक्षा जास्त समाधान देणारं मला तरी आठवत नाही.

निरोप आधी टेलिग्रामवर यायचा. पण पहाटे पाचला आईचा फोन देवघराशेजारी चार्जिंगला, आणि आवाज बंद. म्हणून रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारं बटण, लावून दाराची जुनी घंटा जोडली. ती डिंगडाँग करते, आणि चांगली जोरात करते. जूनच्या पहिल्या वळवाच्या सरीत, रात्री साडेतीनला, डबा पावसाने भरला आणि ती पाच मिनिटं डिंगडाँग करत राहिली. अख्खी गल्ली उठली. दुसऱ्या दिवशी मी दोन लिटरची बाटली कापून डब्यावर छत्री केली. गंमत पुढेच आहे. समोरच्या काकू भांडायला येतील म्हणून मी तयारीत होतो, तर त्या म्हणाल्या, "घंटी झाली म्हणून मी पण उठले, आमची तोटी उघडली, पाणीच नाही! दुरुस्त कर हो लवकर, आम्ही तर त्याच्यावरच उठतो." म्हणजे चार घरं माझ्या प्रोग्रामवर चालत होती आणि मला पत्ता नव्हता. लोक खरोखर वापरतात त्या चालू प्रोग्रामला ऑफिसात प्रॉडक्शन-प्रॉडक्शन म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

आता मेलेल्या प्रोजेक्टांबद्दल, कारण ते संख्येने कितीतरी जास्त आहेत. आवाजावर चालणारा पंखा: आईने दोनदा "पंखा लाव रे" म्हटलं, त्याला काही कळलं नाही, आणि भिंतीवरचं बटण दोन पावलांवर होतं. खेळ खलास. मग रास्पबेरी पाय नावाच्या छोट्याशा संगणकावर पाय-होल नावाचा प्रोग्राम बसवला, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या जाहिराती एकाच जागी अडवायच्या. बाबांनी उत्साहाने यूट्यूब लावलं, जाहिरात आली. पाय-होल पत्त्यावरून अडवतं, आणि यूट्यूबच्या जाहिराती व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात, असं मी समजावायला गेलो. "मग उपयोग काय?" बाबांनी विचारलं, आणि माझ्याकडे फारसं उत्तर नव्हतं. पुढे दोन-चारदा वीज आली-गेली, त्यात पायचं मेमरी कार्ड मेलं. घरातला प्रत्येक फोन वेबसाइटचा पत्ता त्यालाच विचारत होता, त्यामुळे घराचं इंटरनेटच ठप्प. मी मीटिंगमध्ये होतो, बाबांचे अकरा मिस्ड कॉल. त्या दिवसापासून घरात नियम आहे: याची कुठलीही वस्तू बंद पडली तर बाकीचं घर चालत राहिलं पाहिजे. नियम बाबांचा आहे, पण आमच्या कंपनीत सॉफ्टवेअरची रचना ठरवणाऱ्या आर्किटेक्टनेही भिंतीवर लावावा असा आहे.

यातून तुमच्या कामाचं एक सांगतो. जो प्रोजेक्ट मी "शिकायला" म्हणून काढला, तो दोन रविवारांत धूळ खात पडला. ज्याच्यासाठी घरात कुणीतरी विचारत राहिलं, "झालं का रे?", तोच टिकला.

दुसरा टिकलेला प्रोजेक्ट हार्डवेअरचा नाही. आजोबांनी शेवटच्या काळात आठवणी लिहिल्या होत्या, दोन वह्या भरून. २००३ मध्ये बाबांनी त्या एका टायपिंगवाल्या काकांकडून टाइप करून घेतल्या. वह्या पुढे घर बदलताना गेल्या, सीडी राहिली. ती उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ. फाइल कृतिदेव फॉन्टमध्ये होती. या फॉन्टात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. 'नर्मदा' हा शब्द आत यू, ई, मोठा झेड, एन, के असा असतो. यू म्हणजे न, ई म्हणजे म, मोठा झेड म्हणजे रफार, एन म्हणजे द आणि के म्हणजे काना. फॉन्ट काढला की मुखवटे गळून पडतात.

आयते कन्व्हर्टर मिळतात, पण ते हिंदीसाठी घडवलेले, आणि हौस माझी. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या फोन-संगणकांना कळणाऱ्या खऱ्या देवनागरी अक्षरांत, फाइल आणणारा प्रोग्राम पायथन या भाषेत लिहायला बसलो. नुसती अदलाबदल एका संध्याकाळी झाली. खरी गोम क्रमात आहे. कृतिदेव टाइपरायटरच्या वळणावर चालतं: पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप करायची, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं, आधी व्यंजन मग वेलांटी, आणि रफाराचा र मात्र पुढच्या व्यंजनाच्या आधी. वेलांटी एक अक्षर पुढे सरकवली की काम झालं असं मला वाटलं, तर 'स्थिती'चं 'सि्थती' झालं. वेलांटीने अर्ध्या अक्षरावरूनही उडी मारायला हवी. ते केलं, आणि पानंच्या पानं सरळ झाली. बाबा मागे उभे राहून वाचायला लागले.

मग मराठीने इंगा दाखवला. टायपिंगवाले काका हिंदीचे. ळ त्यांच्या बोटांत नव्हता, त्यामुळे आजोबांचे 'नळ' 'नल' झालेले आणि 'काळ' 'काल'. आणि 'दुसऱ्या', 'पायऱ्या'मधला तो आडवा, मिशीसारखा र त्यांना कुठे सापडायचा? त्यांनी सगळीकडे सरळ रफार दिला: दुसर्या, पायर्या. युनिकोडमध्ये त्या आडव्या र साठी वेगळं अक्षर आहे, पण कुठला रफार आडवा करायचा हे प्रोग्रामला कसं कळणार? सूर्य, कार्य, मर्यादा, धैर्य अशा शब्दांची यादी केली, त्यांना हात लावायचा नाही. बाकी सगळ्यांचं ऱ्या. नव्वद टक्के गाडी रुळावर आली.

उरलेलं हाताने. एका लग्नाच्या वर्णनात ओळ आली: "आचार्यांना २१ रुपये आणि धोतर दिले." आता हे आचार्य की आचारी? सरळ रफार ठेवला तर विद्वान गुरुजी, आडवा केला तर स्वयंपाकी. बाबा म्हणाले गुरुजीच असणार, धोतर आहे ना. मी ग्वाल्हेरला आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "छे रे, आचारीच तो! धारहून आणला होता, आणि त्याची मठ्ठ्याची फोडणी आई मरेपर्यंत आठवायची." पुढे पंचवीस मिनिटं त्या लग्नाच्याच गोष्टी. प्रोग्राममध्ये या ओळीसाठी मी वेगळा अपवाद टाकला आहे, आणि शेजारी कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठी टीप, लिहिली आहे: आत्याला विचारले.

नर्मदा इंदूरला १९७८ मध्ये पोचली, तेही त्या फाइलीत आहे. त्याआधी १९७० मध्ये शहराने तिच्यासाठी आंदोलन केलं होतं, आजोबा त्यात होते हे मला फाइल सरळ झाल्यावर कळलं. त्या पानावर ते लिहितात की पहिल्या दिवशी आजी नळाची तोटी उघडी ठेवून नुसती बघत बसली होती. फाइलीत 'नलाची' होतं, ते मी दुरुस्त केलं.

बाकी फावल्या वेळात गुरुवारी तबला शिकतो, सहा वर्षांत झपतालाच्या पुढे गेलेलो नाही. थंडीत मित्रांबरोबर रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद) खायला जातो. या दोन्हींत संगणक कुठेही येत नाही, आणि ते तसंच असावं असं मला वाटतं.

मागे पडाल का, याचं मी एवढंच सांगेन की गेल्या दोन्ही नोकऱ्यांच्या मुलाखतीत मला कुणी हिरवे चौकोन मोजून दाखवले नाहीत. एकीत मात्र पितळी स्क्रूची गोष्ट मी सांगितली होती, आणि समोरचा माणूस ठरलेले प्रश्न सोडून त्यावरच वीस मिनिटं बोलला.

फाइलीची अजून अकरा पानं बाकी आहेत. आत्या दर रविवारी फोन करून विचारते, आणि तिला छापील प्रत हवी आहे, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा १८ पॉइंटमध्ये. तेव्हा सध्या ऑफिस सुटल्यावर मी पुस्तकाची पानं लावायला शिकतोय.