भट्टी तापते, आकडा मात्र उतरतो

प्रश्न : लातूरला आमचं कॉफी भाजायचं छोटं ड्रम मशीन आहे. दाण्यांचं तापमान दाखवणारा सेन्सर बदलला, तर आता भट्टी तापेल तसा आकडा खाली जातो. सेन्सरच खराब आलाय का?

उत्तर : बहुधा नाही, तारा उलट्या जोडल्या गेल्यात. अशा मशीनमधला सेन्सर बहुधा के-टाइप थर्मोकपल असतो, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडून केलेला. त्यात हिरवी-पांढरी जोडी असेल तर हिरवी प्लस. पिवळी-लाल असेल तर पिवळी प्लस, लाल मायनस. लाल म्हणजे प्लस, या सवयीनं भलेभले इथं फसतात. वीज बंद करा, ड्रम निवू द्या, मग दोन्ही तारांची अदलाबदल करा. कंट्रोलरवर, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर, सेन्सरचा प्रकार (इनपुट) ‘के’च निवडलेला आहे ना, तेही बघा.

तार अपुरी पडली म्हणून तांब्याची वायर जोडली असेल तर ती आधी काढा. तो जोड मशीनजवळ तापला की आकडा तेवढाच कमी दिसतो. के-टाइपचीच वायर लावा.

बसवण्याआधी टोक उकळत्या पाण्यात धरा, तळाला टेकवू नका. लातूरच्या उंचीवर साधारण 98 अंश दिसायला हवेत. बसवताना टोक फिरत्या दाण्यांत बुडालं पाहिजे, पण ड्रमच्या पात्यांना लागता कामा नये. ड्रम हातानं पूर्ण फिरवून बघा. जुना सेन्सर 6 मिमी जाड होता आणि नवा 3 मिमीचा असेल, तर तो लवकर तापतो. वहीतले जुने आकडे मग जुळणार नाहीत. पहिले काही घाणे रंग, वास आणि तडतड यांवरच काढा.