करंट वाढवूनही अमोनिया का जात नाही?

प्रश्न : कचरा डेपोलगतच्या विहिरीचं दूषित पाणी आम्ही लोखंडी पट्ट्यांच्या इलेक्ट्रोकोॲग्युलेशन (विजेच्या करंटने गाळ तयार करून घाण बसवणाऱ्या) युनिटमधून काढतो. रंग आणि गढूळपणा जातो, पण अमोनिया नायट्रोजन लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास तसाच राहतो. करंट दुप्पट करूनही फरक पडला नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : चूक करंटची नाही, पट्टीची आहे. लोखंडी ॲनोड (विजेच्या धन टोकाला जोडलेली पट्टी) स्वतः विरघळतो. १ अँपिअर करंट तासभर चालला की जवळपास १.०४ ग्रॅम लोखंड पाण्यात उतरतं. त्याचा गाळ रंग, आर्सेनिक आणि बरेचसे जड धातू धरून खाली बसतो. अमोनिया मात्र या गाळाला चिकटतच नाही. करंट दुप्पट केलात, गाळ दुप्पट झाला, एवढंच.

अमोनियासाठी पुढे दुसरी टाकी लागेल. तिचा ॲनोड न विरघळणारा, म्हणजे रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमचा घ्या. डेपोच्या झिरप्यात क्लोराइड बहुधा भरपूर असतं. ॲनोडवर त्याचा क्लोरीन होतो आणि तो अमोनियाचा नायट्रोजन वायू करतो. १ ग्रॅम अमोनिया नायट्रोजनला निदान ७.६ ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे सुमारे पावणेसहा अँपिअर-तास. तुमच्या १ घनमीटर पाण्याला कागदावर २९० अँपिअर-तास होतात. पण सेंद्रिय द्रव्यं आणि ऑक्सिजननिर्मिती आपला वाटा खातात, तेव्हा दुप्पट तरी धरा. मध्येच थांबलात तर क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाची अर्धवट संयुगं) शिल्लक राहतात.

क्रम उलटा करू नका. आधी गाळ बसवून पाणी गाळा, मगच ऑक्सिडेशन. लोखंडी टाकीतून पाणी हिरवट बाहेर पडत असेल, तर त्यात फेरस (पूर्ण ऑक्सिडेशन न झालेलं, विरघळलेलं) लोखंड आहे. ते पुढचा क्लोरीन फुकट खाईल. हवा सोडून ते तांबूस होऊ द्या.

प्रश्न : करंट तोच ठेवला, तरी व्होल्टेज चढत जातो. पट्ट्या झिजल्या का?

उत्तर : झिजल्यानेही अंतर वाढून व्होल्टेज चढतो, पण आधी पट्टी बाहेर काढून बघा. कॅथोडवर (ऋण टोकाच्या पट्टीवर) पांढरट, खरवडता येणारा थर असेल, तर तो कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं की कार्बोनेटची खात्री. तशाच सौम्य आम्लात पट्टी फेस थांबेपर्यंत ठेवा आणि लगेच धुवा, नाहीतर लोखंडही जाईल. हे काम टाकीबाहेर करा : क्लोरीनयुक्त पाण्यात आम्ल पडलं, तर विषारी वायू सुटतो. लोखंडी पट्ट्यांची ध्रुवता (धन-ऋण टोकं) दर १५ ते ३० मिनिटांनी उलटवली, तर थर मुळात कमी बसतो. लेप दिलेल्या टायटॅनियमवर ध्रुवता उलटवण्याचा हा उपाय करू नका, लेपाचं आयुष्य झपाट्याने घटतं.

शिवाय टाकीवर घट्ट झाकण नको. १०० अँपिअरला कॅथोडवर तासाला ४० लिटरहून अधिक हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की ठिणगी पुरते.

प्रश्न : हे पाणी परत जमिनीत सोडावं का?

उत्तर : तपासणीशिवाय नको. शिल्लक क्लोरीन आणि ट्रायहॅलोमिथेन (क्लोरीन व सेंद्रिय द्रव्यांपासून बनणारी घातक संयुगं) सक्रिय कार्बनच्या गाळणीत बरेच कमी होतात, क्लोरेटसाठी (क्लोरीनचं आणखी ऑक्सिडेशन होऊन बनणाऱ्या क्षारासाठी) मात्र तिचा भरवसा नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरेटची पातळी लिटरला ०.७ मिलिग्रॅम धरली आहे. अमोनिया संपल्यावरही करंट चालू ठेवला की क्लोरेट वाढत जातं, म्हणून शेवटच्या टप्प्यात वारंवार अमोनिया मोजा आणि संपताच करंट तोडा.