डोंगर तिरका का, गाळ काळा का : पारसिक ते वाशी, वाचकांचे प्रश्न

लोकलमधून मुंब्र्याचा डोंगर पाहिला की दगडाचे पट्टे तिरके वाटतात. माळशेजला मात्र ते पायऱ्यांसारखे आडवे. असं का? (ऐरोली)

खडक दोन्हीकडे एकच : बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि जवळजवळ सपाटच थिजला. पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटला. त्या ताणाताणीत किनाऱ्याकडचं कवच पश्चिमेला खाली वाकलं. या बाकाला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. त्याच्या पूर्वेचे थर आडवे राहिले. आपल्याकडचे साधारण 10 ते 15 अंश समुद्राकडे कलले, कुठे कुठे त्याहून जास्त.

थरांच्या कडा जिथे उघड्या पडतात तिथे लाव्हाच्या दोन थरांमधला मऊ तांबडा थर आधी पोखरला जातो. वरच्या दगडाचा आधार गेला की तो उभ्या भेगेतून सुटून कोसळतो आणि कडा एक पाऊल मागे सरकतो. सह्याद्रीचा कडाही असाच पूर्वेकडे हटत गेला. घाटावरून पाहिलं तर तो डोंगर कमी, पठाराची कुरतडलेली कड जास्त.

आमच्या इमारतीमागे डोंगर कापून भिंत बांधली आहे. दगड पक्का आहे म्हणतात, मग भीती कशाची? (कळवा)

पाण्याची. पाषाण सहसा दगा देत नाही, देतो तो त्यावरचा मुरूम. बेसॉल्ट भेगांपासून आत कुजतो, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसा, आणि मधे घट्ट गोटे उरतात. सलग पावसात मुरूम जड होतो, पाणी खालच्या पक्क्या दगडावर अडतं, दाब वाढतो आणि पकड सुटते. उतार पश्चिमेकडे असेल तर थरही त्याच बाजूला कललेले असतात. पायथा कापला की वरचा भाग तांबड्या थरावरून घसरू शकतो.

भिंतीत पाणी निघायला भोकं हवीत : 75 ते 100 मिमी व्यासाची, साधारण दीड-दीड मीटरवर. मुसळधार पावसात भोकं कोरडी आणि सांधे ओले दिसले, तर ती तुंबली आहेत. सळईने मोकळी करा. पण मागे खडीचा थर नसेल तर पुढच्या पावसात पुन्हा मातीने भरतील. भोकं न ठेवता उतारावर सिमेंटचा लेप मारणं म्हणजे पाणी आत कोंडणं. दिसायला तेवढं छान.

माथ्यावरचं पाणी बाजूला वळवणारं गटार मे महिन्यातच साफ करा. माथ्यावर उताराला आडवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि अंतर रोज मोजून लिहा, पण पाऊस कोसळत असताना वर जाऊ नका. अंतर वाढलं, झरा एकाएकी गढूळ झाला किंवा भिंतीला पोट आलं, तर मागच्या बाजूच्या खोल्या त्याच दिवशी रिकाम्या करा आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षाला कळवा. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा लोक झोपेत होते.

वज्रेश्वरीचं गरम पाणी म्हणजे खाली ज्वालामुखी आहे का? (ठाणे)

नाही. पावसाचंच पाणी भेगांतून खोल जातं. दर किलोमीटरला तापमान 25 ते 30 अंशांनी वाढतं, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

वाशीत बोअर मारताना काळा गाळ आणि शिंपले निघाले. डोंगर तर समोर दिसतो! (वाशी)

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होता. आजच्या खाडीच्या जागी तेव्हा नदीची दरी होती. बर्फ वितळला, समुद्र आत शिरला आणि बुडालेल्या दरीत गाळ साचत गेला. म्हणून डोंगराचा पाय या गाळाखालीही आहेच, फक्त किती खोल ते पाचशे मीटरच्या अंतरातही बदलतं. शेजारच्या प्लॉटचा माती-अहवाल वापरू नका. मोठी इमारत पाइलवर, म्हणजे गाळातून खालच्या दगडापर्यंत नेलेल्या खांबांवर टेकलेली असते. अंगण आणि कुंपणाची भिंत मात्र भरावावर. गाळ दबत राहतो, अंगण खचतं. जिन्याच्या पहिल्या पायरीशी पडलेली भेग बहुधा याचीच असते, इमारत खचल्याची नव्हे.